काजळी जाळण्याची फेरी

सुभेदार नाना गाडीत बसण्यापूर्वी चालू इंजिनाच्या बॉनेटवर तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात. मला वाटायचे, देवाचे नाव घेतात. एकदा मीही शेजारी उभी राहून भक्तिभावाने हात जोडले. तेव्हा म्हणाले, "वहिनी, हात खाली घ्या. टॅपेटचा आवाज ऐकतोय."

मुलांनो, हे तुमच्या आजोबांचे मित्र. साताऱ्यात आमच्या समोर एकटेच राहायचे. फौजेत त्यांनी जन्मभर डिझेलचे ट्रक चालवले. तुमच्या बाबाने माझ्या सुरक्षिततेसाठी डोंगर चढणारी दांडगी डिझेल गाडी घ्यायला लावली आणि मी तिच्यातून मेथीची जुडी आणू लागले. गाडीच्या माहितीपुस्तकाला खाकी कव्हर घातले, इंग्रजी ओळी पट्टी धरून अधोरेखित केल्या. तरीही चालकाच्या पुढ्यात धोक्याचा पिवळा दिवा लागलाच.

नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी गावातल्या गावात रांगत राहिली की ती चोंदते. मग हमरस्त्यावर एका दमात पळवायची. काजळी जळते, दिवा विझतो. हे मी नानांना वाचून दाखवले.

"धूर न्हाई ते इंजिन कसलं?" ते म्हणाले. "पर चला. मीबी घरात बसून चोंदलोयच."

तेव्हापासून दिवा लागला की नाना गाडी चालवत आणि मी पुस्तक मांडीवर घेऊन सूचना देई. त्यांनी एकही ऐकली नाही. दिवा कऱ्हाडच्या आत विझे, आम्ही नाक्यावर चहा पिऊन मागे फिरू. पुढे जायचे नाही, हा त्यांचा नियम. कारण पुढे कुंडल, त्यांचे गाव. एका दुष्काळात धाकट्या भावाने, शंकरने, नानांच्या लाडक्या जीपचे इंजिन न विचारता काढून विहिरीच्या पंपाला जोडले होते. "जित्ती जीप फाडली माझी," नाना म्हणत. त्यानंतर त्यांनी भावाचे तोंड पाहिले नव्हते. समेटावर मी उत्तम व्याख्याने दिली. तीही माझ्या सूचनांच्याच वाटेने गेली.

मागच्या थंडीत शंकर छातीच्या दुखण्यातून कसाबसा वाचून घरी आल्याचे कळले. त्याच आठवड्यात दिवा लागला.

कऱ्हाड आले. विझला का, म्हणून मी विचारले. माझ्या जागेवरून दिवा दिसत नाही.

"न्हाई अजून."

काजळी जळत असताना इंजिन मध्येच बंद करू नये, ही दुहेरी अधोरेखित ओळ मी खणखणीत आवाजात वाचली.

"मग काय, नियम म्हंजे नियम," म्हणत नानांनी गाडी कुंडलच्या रस्त्याला घातली. प्रत्येक फाट्यावर मी विचारत होते, प्रत्येक फाट्यावर उत्तर तेच.

शंकरच्या अंगणात गाडी थांबली, इंजिन चालूच. कोणाची गाडी घुरघुरते म्हणून तो बाहेर आला. पार वाळला होता. नाना स्टीअरिंग धरून बसूनच राहिले. मध्यस्थी करायची या थोर हेतूने मी उतरले, वळसा घालून नानांच्या खिडकीशी गेले आणि आत पाहिले. पुढ्यात एकही दिवा लागलेला नव्हता. मी पुस्तक मिटले आणि तोंडही.

शेवटी शंकर म्हणाला, "दादा, तुजं इंजिन अजून पानी वडतंय. ऐकायचं?"

नानांनी गाडी बंद केली. विहिरीवर जाऊन थरथरत्या लोखंडावर तळहात ठेवला, डोळे मिटले. शंकर नापास होणाऱ्या पोरासारखा उभा होता.

"तेल कवा बदललंस रं?"

"दिवाळीला."

"खोटं नगं बोलू. डबा आन जा."

नाना आता कुंडललाच राहतात. त्या येड्याच्या हाती इंजिन सोडून कसं यायचं, म्हणतात. त्यामुळे या वयात हमरस्त्यावर मलाच चालवावे लागते. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा मला मागे टाकतात. मी कुंडलला पोहोचले की नाना बॉनेटवर हात ठेवून विचारतात, "दिवा लागला व्हता?"

मी ताठ मानेने हो म्हणते. कधी कधी तो लागलेलाही असतो.