खाली म्हणजे कुठे

शिट्टी वरून येतेय, असं मी घसा फाडून सांगत होते. कोणी विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेल्या बाईचे कानही चौथीपर्यंतच ऐकतात, असा आमच्या मँचेस्टरच्या मंडळींचा समज आहे.

शनिवारच्या मराठी वर्गात भूगोल सुरू झाला, तेव्हापासून असे किस्से खरकट्या भांड्यांसारखे साठत चाललेत. जो तो आपलं ताट सिंकमध्ये टाकून जातो. घासायला मी, शोभामावशी, मुलांच्या खाण्यापिण्याचं बघणारी.

*

पहिला बटाट्यांचा. विवेक सर आयटीतले, हौसेने शिकवतात. डोंगराची उंची नकाशात रेषांनी कशी दाखवतात, हे समजवायला त्यांनी माझे वड्यांचे बटाटे उचलले. आडव्या चकत्या केल्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून कडेने निळं पेन फिरवलं. एका गोलात दुसरा गोल.

"रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा," सर म्हणाले.

मी त्याच चकत्या उकडल्या. वडे निळसर झाले. रश्मीने, म्हणजे अन्वीच्या आईने, एक वडा मोडून पाहिला.

"मावशी, हे मुलांना द्यायचं?"

"डोंगर आहे. चावून खा," म्हटलं.

*

मग होकायंत्र. अन्वी दहा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिने ते माझ्या पत्र्याच्या डब्यावर ठेवलं. सुई गरकन फिरली.

"सर, नॉर्थ मावशीच्या डब्यात आहे."

सरांनी सांगितलं, लोखंडाजवळ सुई फसते. रश्मी मागून म्हणाली, "मग लांबच ठेवा ना जरा."

"डब्याला म्हणालीस की मला?" मी विचारलं.



*

एकदा जवळच्या तलावावर जायचं होतं. अन्वीने नकाशावर पट्टी लावली आणि मला फोन केला, "मावशी, फक्त चार सेंटीमीटर चालायचंय." मी चपला घालून निघाले. त्या नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, हे मला कोणी सांगायचं? ते चार सेंटीमीटर अजून माझ्या गुडघ्यात आहेत.

*

आणि हा ऑक्टोबरमधला. मुलांना नकाशा, होकायंत्र आणि शिट्ट्या देऊन पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत नेलं होतं. कार पार्क डोंगराच्या उत्तरेच्या पायथ्याला, चढ सगळा दक्षिणेकडे. गुडघ्यामुळे मी कार पार्कातच बसले, मुलांची जॅकेटं सांभाळत. निघताना अन्वीला म्हटलं, "थंडी वाजली तर सरांना सांगून ये. मी खाली आहे."

तिला वाजली थंडी. सर म्हणाले, "जा, मावशी दिसतायत इथूनच." आणि तेवढ्यात धुकं उतरलं. हाताची बोटं दिसेनात.

सर बाकीच्या मुलांना घेऊन खाली आले. त्यांनी मला विचारलं, "अन्वी?" मी त्यांना विचारलं, "अन्वी?"

आमच्याबरोबर आलेली रश्मी गाडीतून उतरली. "काय सांगितलं होतंत तुम्ही तिला?"

"मी खाली आहे म्हटलं."

"तिचं मराठी कच्चं आहे, माहितीये ना तुम्हाला? नीट इंग्लिशमध्ये सांगता येत नाही, तर मुलांशी बोलता कशाला?"

सरांनी पोलिसांना फोन लावला. सगळे ओढ्याच्या कडेने उताराकडे धावले. तेव्हाच मला शिट्टी ऐकू आली. बारीक, तुटक, डोंगराच्या अंगाने.

"वरून येतेय."

"इको असेल मावशी," सर म्हणाले. "ती वर कशाला जाईल? खालीच येत होती."

मग मी गुडघ्याला आणि सगळ्यांना शिव्या घालत एकटीच चढले. दगडी भिंतीला पाठ लावून पोरगी बसली होती. ओठ निळे, मुठीत होकायंत्र, तोंडात शिट्टी.

"तू खाली आहे म्हणाला ना, मावशी," ती रडत म्हणाली. "मी बरोबर आलो. सुई बघत बघत आलो."

*

कार पार्कात रश्मीने तिला छातीशी धरलं, गाडीत बसवलं, आणि मग सगळ्यांसमोर माझ्याकडे वळली. "पुढच्या शनिवारपासून मावशी वर्गात नकोत. त्या असतील तर अन्वी येणार नाही."

सर बुटांकडे बघत होते. मला त्या वर्गाशिवाय मँचेस्टरमध्ये कोण आहे? पण गयावया करणं माझ्या अंगात नाही. मी गाडीच्या दारात गेले आणि जॅकेटात गुरफटलेल्या पोरीला विचारलं, "अन्वी, खाली यायचं सोडून तू वर का चढलीस?"

"वर नाही. साऊथला. खाली म्हणजे साऊथ."

"मी वर्गात असं नाही शिकवलं," सर घाईघाईने म्हणाले.

"सर नाही," अन्वी म्हणाली. "घरी आईने फ्रिजवर लावलंय. वर नॉर्थ, खाली साऊथ. रोज म्हणायचं. चुकलं की आयपॅड नाही."

धुक्यात पोलिसांच्या गाडीचे दिवे दिसायला लागले होते, आणि सरांनी अगदी हळू आवाजात हाक मारली, "अगं रश्मी..."