हात लावणारी बाई

छातीचा एक्स-रे होता. आजी आमच्या अकोल्याच्या हॉस्पिटलच्या अध्यक्षांच्या आई. मी त्यांची हनुवटी वर करून खांदे पुढे घेत होते.

"आडनाव काय वं तुहं?"

सांगितलं.

"गाव?"

अमरावतीतल्या आमच्या वस्तीचं नाव सांगितलं.

त्यांनी माझा हात खांद्यावरून दोन बोटांनी उचलला आणि बाजूला केला. "दुसरी पोरगी नाही काय तुमच्याइथं?"

सोबत आलेली सून म्हणाली, "आईचं जुनं वळण हाय. मनावर नका घेऊ, मॅडम." बोलता बोलता तिनं पर्समधून सॅनिटायझर काढलं आणि सासूची हनुवटी पुसली. मग खांदे. हॉस्पिटलात सॅनिटायझरबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. मीही विचारला नाही. बाहेर येऊन माझ्या हाताखालच्या मुलीला आत पाठवलं.

थोड्याच दिवसांत संचालकांनी बोलावलं. "अभिनंदन. आता इमेजिंगच्या मॅनेजर तुमी. पेशंटले हात लावाचं काम नाही तुमचं. केबिनमध्ये बसा."

मला तो मान वाटला. अमरावतीला बाबांनी वस्तीत पेढे वाटले.

अकोल्याच्या त्या केबिनमध्ये मी मशीनच्या दुरुस्त्या, तपासणीच्या वेळा, तंत्रज्ञांच्या पाळ्या बघू लागले. दोनदा गर्दी होती म्हणून मशीनवर गेले. दोन्ही वेळा संचालकांचा फोन आला. "तुमी काहून जाता तिथं?"

मॅमोग्राफी करणाऱ्या आम्ही दोघीच. मी आणि माझ्या हाताखालची ती मुलगी. या तपासणीत तंत्रज्ञाला स्तन हातानं धरून प्लेटवर नीट ठेवावा लागतो. पुरुष तंत्रज्ञ चालत नाही.

पावसाळ्यात एका सकाळी ती मुलगी रजेवर होती. मी पॅसेजमधून जात होते. काउंटरवरची बाई कोणाला तरी सांगत होती, "हात लावणारी बाई सुट्टीवर आहे. नंतर या."

समोर अंजनगाव सुर्जीकडची एक बाई उभी होती. पानमळ्यात मजुरी करणारी. मी तिला आत घेतलं.

पदर सोडताना ती म्हणाली, "मांगंई आली होती मी. तवाई हेच सांगतलं."

"कधी?"

"तूर सोंगून राहिलो होतो तवा. म्हने, हात लावनारी बाई नाही."

हिवाळ्यात तूर निघाली त्या दिवसांत मी रोज कामावर होते. बाजूच्याच केबिनमध्ये.

गाठ हाताला लागत होती. काखेतही लागली. पडद्यावर जे दिसलं ते मी तिला सांगू शकत नव्हते. ते डॉक्टरांचं काम. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "तुमचा हात हलका हाय, बाई," म्हणाली.

मी थेट संचालकांकडे गेले. "मला बोलवायचं नाही, असं काउंटरला तुम्ही सांगितलं होतं?"

"अध्यक्षांच्या घरून शब्द आला होता, मॅडम. कोनाले दुखवलं नाही आपन. उलट तुमाले वर चढवलं."

"मशीनवर मी उभी राहणार. नको असेल तर कारण लिहून द्या."

ते हसले. "असं कोनी लिहून देते काय?"

ती बाई उपचाराला नागपूरला गेली. पुढचं कळलं नाही. तपासणीच्या खोलीतला दिवा मंद केला, की माझ्याआधी ती तिथं असते. पदर सोडून उभी. काही मागत नाही. नुसती बघते. नव्या बाईचा खांदा धरताना मला आधी तिचा खांदा लागतो.

पाळ्या मी लावते. मॅमोग्राफीच्या प्रत्येक पाळीला आता माझं नाव आहे. काउंटरवरून एकही बाई परत जात नाही. मला तिथून हटवायचं तर त्यांना कारण लिहावं लागेल. ज्या दिवशी लिहितील, त्या दिवशी मी तो कागद घेऊन ॲट्रॉसिटीची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जाईन.