ग्लेंडाची हिरवी खुर्ची

ग्लेंडा स्ट्राउडने वेंडेलची घरगाडी पेटवून दिली, ही बातमी रविवारी न्याहारीनंतर तासाभरात कायोटी वॉशच्या अख्ख्या कॅम्पात फिरली. दुपारपर्यंत तिला इतकं तिखटमीठ लागलं, की कॉफीच्या किटलीशी रांगेत उभी असलेली एक बाई गॅसच्या टाकीचा स्फोट स्वतःच्या कानांनी ऐकल्याचं सांगत होती. कुणीतरी तिला मागे वळून बघायला लावलं. वेंडेलची चाळीस फुटी गाडी धडधाकट उभी होती आणि तिच्या सावलीत वेंडेल चमच्याने ग्रेपफ्रूट खात होता. बाई जराही वरमली नाही. म्हणाली, "मग दुसरं काहीतरी जळलं असेल. धूर तर होता!"

धूर होता हे खरं. जळली ती एक खुर्ची. आणि तीही वेंडेलची नव्हे, ग्लेंडाची स्वतःची.

ग्लेंडाने मोंटानात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. बर्फात, चिखलात, चाळीस पोरांच्या कोकलण्यात. निवृत्त झाली तशी घर विकलं, एकोणीस फुटांची एक जुनी घरगाडी घेतली आणि दर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात फोटो काढायला येऊ लागली. एवढी वर्षं बसच्या सीटवर काढलेल्या बाईला जग उंचावरूनच बघायची सवय. त्यामुळे तिचे सगळे फोटो गाडीच्या टपावरून. बाकीचे लोक कॅमेऱ्याची तिवई रोवतात, ग्लेंडा गाडी रोवायची. चाकाखाली फळ्या सरकवून, उतरून बघून, पुन्हा चढून, चार बोटं पुढे, दोन बोटं मागे. तास तास हा खेळ चाले आणि कॅम्पातले रिकामटेकडे कॉफीचे मग घेऊन तमाशाला बसत.

"ग्लेंडा, अजून दोन बोटं डावीकडे घे," वेंडेल ओरडायचा, "नाहीतर डोंगर रुसेल!"

"डोंगराचं मी बघते. तू तुझ्या लेन्सवरचं झाकण काढ आधी."

कारण वेंडेल पहिल्या वर्षी खरोखरच झाकण न काढता पन्नास फोटो काढून आला होता. मिनेसोटाचा निवृत्त दंतवैद्य. कॅमेरा असा, की त्याच्याकडे बघूनच लोकांनी अदबीनं बोलावं. हात मात्र दाढा उपटायच्या सवयीचा. उजेड कसा वाचायचा, थांबायचं किती, क्षितिज तिरकं का येतं, हे सगळं त्याला ग्लेंडाने शिकवलं. नऊ हिवाळे दोघांच्या गाड्या शेजारी. संध्याकाळी पत्ते. वेंडेलची बायको मार्लिस ग्लेंडासाठी हॉटडिश नावाच्या बटाटा-खिम्याच्या पदार्थाची एक वाटी कायम झाकून ठेवायची.

कॅम्पाच्या पूर्वेला एक डोंगर आहे, त्याला सगळे तुटका दात म्हणतात. वेंडेल म्हणायचा, आमचं जुनं नातं आहे. त्या डोंगराच्या खाचेत अख्ख्या हिवाळ्यात एकाच सकाळी, फेब्रुवारीत, सूर्य नेमका उगवतो. आदल्या दिवशी तो खाचेच्या उजवीकडे, दुसऱ्या दिवशी डावीकडे. त्या एका सकाळी, योग्य जागी उभं राहिलं तर खाच, सूर्य आणि माळावरचा एकुलता एक उंच साग्वारो निवडुंग एका रेषेत येतात. बाकीचं वाळवंट निळ्या अंधारात असतं आणि निवडुंगाचा काटा न् काटा पेटल्यासारखा दिसतो. सगळा खेळ जेमतेम चार मिनिटांचा.

ग्लेंडाला तो फोटो हवा होता. पहिल्या वर्षी वाळूचं वादळ. दुसऱ्या वर्षी ढग. तिसऱ्या वर्षी आभाळ लख्ख, पण ग्लेंडा सहा पावलं चुकलेली. मग ती दोरी, होकायंत्र आणि वही घेऊन हिंडली आणि जागा तिने शोधून काढली. कोरड्या ओढ्याची दरड आणि एक काळा धोंडा यांच्या मधोमध, एकच गाडी मावेल एवढी फट. जमिनीवरून झुडपं आड येत होती, टपावरून सगळं स्वच्छ. यंदा ती आठ दिवस आधीच तिथे गाडी रोवून बसली. जागा दाखवली फक्त वेंडेलला.

"कुणाला सांगू नकोस हं."

"मी? दातांखाली जीभ ठेवून गप्प बसणारा माणूस आहे मी!"

आणि खरंच, त्याने कुणाला सांगितलं नाही. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आता खुर्चीचं. या उघड्या माळावर ना पट्टे आखलेले, ना नंबर. गाडीच घर असल्यामुळे गावात जायचं म्हणजे घर घेऊनच जायचं. म्हणून जाणारा आपल्या जागेवर एक खुर्ची ठेवून जातो. खुर्ची म्हणजे मालकाचा शब्द: मी परत येतोय. तिला कुणी हात लावत नाही. एकदा एक म्हातारा तीन आठवडे इस्पितळात होता. तेवढे दिवस त्याची खुर्ची जागेवर होती. वाऱ्याने पडली की जाणारा येणारा उभी करून पुढे जायचा.

त्या एका सकाळच्या आदल्या दिवशी वेंडेल नाक धरून ग्लेंडाच्या दाराशी आला.

"बाई, तुझी सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरलीय. वारा फिरला तर उद्या सूर्यसुद्धा खाचेतून मागे जाईल."

"उद्याचं होऊ दे. मग जाते."

"आणि प्यायचं पाणी?"

पाणीही संपत आलं होतं. ग्लेंडा विचारात पडली.

"गावात टाकी रिकामी कर, पाणी भर. आत्ता निघ," वेंडेल म्हणाला, "चारपर्यंत परत येशील. खुर्ची ठेव. मी आहे ना!"

तिने तिची हिरव्या कापडाची, लाकडी दांड्यांची खुर्ची बरोबर मधोमध ठेवली. चाकांच्या जागी दगडांच्या खुणा केल्या. गाडी सुरू करताना आरशात बघितलं, तर वेंडेल खुर्चीशेजारी उभा राहून शाळेच्या पोरासारखा हात हलवत होता. तिलाही हसू आलं.

चारला ती परतली. ओढ्याचं वळण घेतलं आणि तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, पुढे पोर आडवं आल्यासारखा. फटीत वेंडेलची गाडी. गाडी स्थिर ठेवणारे चारी जॅक जमिनीला टेकलेले, बैठकीच्या खोलीची सरकती भिंत बाहेर काढलेली, छत्री उघडलेली. टपावर तिवई. हिरवी खुर्ची धोंड्याला टेकून उभी होती, नीट घडी करून. ती घडी ग्लेंडाला सगळ्यात जास्त लागली. रागात लाथेने उडवली असती तरी चाललं असतं. ही कुणीतरी सावकाश, दोन्ही हातांनी मिटली होती.

"ग्लेंडा! बरं झालं आलीस," वेंडेल टपावरून म्हणाला. "टेक्ससची एक भली मोठी गाडी आत घुसत होती बघ. म्हटलं, आपणच अडवून ठेवू."

"अडवलीस. आता काढ."

"अगं, जॅक टाकलेत. पातळी साधायला तास गेला."

"जागा अडवायला चाकं पुरतात, वेंडेल. जॅक कशाला?"

तो तिवईचा स्क्रू पिळत राहिला, जो आधीच पिळलेला होता. खिडकीतून मार्लिसचा आवाज आला, चेहरा आला नाही. "वेंडेल, हॉटडिश ओव्हनमध्ये आहे हं! गाडी हलवायची नाही!"

एव्हाना माणसं जमली होती. कुणी म्हणालं, हे बरोबर नाही. कुणी म्हणालं, तसं बघितलं तर जमीन सरकारची. कुणी म्हणालं, वेंडेल मनाने वाईट नाही. पंचवीस माणसं, पंचवीस मतं, आणि जॅककडे जायला एकही पाऊल नाही.

"वर ये ना सकाळी," वेंडेल म्हणाला. "दोघांना जागा आहे."

"माझ्याच जागेवर मी पाहुणी?" ग्लेंडाने खुर्ची उचलली आणि तीनशे पावलं लांब जाऊन गाडी लावली. वाकडीच लावली. फळ्या काढल्याच नाहीत.

पहाटे ती उठली नेहमीच्या वेळी. कॉफी केली. कॅमेरा मांडीवर घेतला, झाकण घालून. डोंगराकडे पाठ करून बसली. आभाळात एक ढग नव्हता, वारा नव्हता. तीन वर्षांत मागितलं ते सगळं आभाळाने दिलं होतं आणि दुसऱ्याला दिलं होतं. समोरच्या खिडकीच्या पडद्यावर उजेड पिवळा झाला, मग केशरी, आणि तिच्या अनुभवी डोळ्यांना नुसत्या पडद्यावरून कळलं, आता. तिने घड्याळ बघून चार मिनिटं मोजली. नंतर कॉफीचा मग धुतला.

पुढे रविवारची सामुदायिक न्याहारी. शेकोटी, मोठा तवा, पॅनकेक, पाक. वेंडेल टॅबलेट घेऊन फिरत होता. वाईट एवढंच, की फोटो अप्रतिम आला होता. फिरत फिरत टॅबलेट ग्लेंडाच्या हातात आला. तिने बराच वेळ बघितलं.

"क्षितिज सरळ आहे," ती म्हणाली. "शिकलास."

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी विचारलं, "वेंडेल, ही जागा सापडली कशी रे तुला?"

वेंडेलने पाक ओतता ओतता ग्लेंडाकडे ओझरतं बघितलं. एक नाव घ्यायचं होतं, फक्त एक नाव. त्याने घसा साफ केला. "काय आहे, नजर असावी लागते. आणि चिकाटी."

ग्लेंडा उठली. गाडीपर्यंत गेली, हिरवी खुर्ची घेऊन आली आणि शेकोटीत ठेवली. फेकली नाही. उघडून, चारी पाय नीट टेकवून ठेवली.

"ग्लेंडा! अगं, खुर्ची!"

"हो. माझीच आहे."

कापड काळा धूर सोडत जळलं. पॅनकेकला वास लागला, तरी सगळ्यांनी ते निमूट संपवले. त्या दिवसापासून कॅम्पात खुर्च्यांचा भाव उतरला. गावात जायचं तर लोक खुर्चीवर नवरा बसवून जाऊ लागले. एक बिचारा टोपी विसरला आणि भाजलेल्या भोपळ्यासारखा झाला, पण उठला नाही.

वेंडेलची मात्र अडचण होती. दहा दिवसांनी त्याची टाकी भरली, मार्लिसला केस कापायला जायचं होतं आणि कॅम्पात त्याच्यासाठी बसायला कुणी तयार होईना. शेवटी त्याने आपली गादीची, कप ठेवायला खळगा असलेली खुर्ची फटीत मांडली, गाडी ग्लेंडाच्या दारावरून सावकाश नेली आणि काच खाली केली. ग्लेंडा लेन्स पुसत बसली होती. आसपासचे चारपाच जण एकदम फार कामात असल्यासारखे झाले.

"ग्लेंडा, झालं गेलं विसरू या की," तो म्हणाला. "चारपर्यंत येतो. खुर्चीवर लक्ष ठेवशील ना?"

ग्लेंडाने लेन्सवर फुंकर मारली. "ठेवते ना. तू ठेवलं होतंस, अगदी तसंच."