मीटरच्या खोलीवरून घर

रीडिंगकाकांना त्यांच्या कागदोपत्री नावाने कुणी हाक मारली असती, तर दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं समजून ते चालत राहिले असते. एकतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीसाठी मीटरचे आकडे टिपले. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, कानामागे पेन्सिल. ते चढले नाहीत असा जिना शहरात नव्हता आणि त्यांच्यावर भुंकला नाही असा कुत्राही नव्हता. देवाने सगळ्यांना दोन डोळे दिले, आमच्या ह्यांना तिसरा बॅटरीचा दिला, असं काकू म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे ज्या त्या दिवसावर असायचं.

या तिसऱ्या डोळ्यामुळे काका घरांच्या बाबतीत जाणकार ठरले होते. कंपनीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाला जागा सोडावी लागली, की तो आधी काकांकडे यायचा.

"काका, टेकडीवर दोन खोल्या मिळताहेत. घेऊ का?"

काका डोळे मिटायचे. "कुठली इमारत?"

"पाण्याच्या टाकीसमोरची."

"तिथे प्रत्येक मीटरच्या पेटीला वेगळं कुलूप आहे. शेजारी वीज चोरेल म्हणून लावलेलं. असा शेजार नको. पुढचं बोल."

मीटरची खोली म्हणजे इमारतीचं पोट, असं काकांचं म्हणणं. दर्शनी भिंत काय, कुणीही रंगवतो. जिन्याखालच्या त्या कोंदट खोलीत वायरी कशा लोंबतात, सील कुणी तोडलंय, जळमटं किती, यावरून वर राहणारी माणसं कळतात. अर्ध्या कंपनीचे संसार त्यांनी असे मार्गी लावले. स्वतः मात्र सत्तावीस वर्षं त्याच भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. सगळ्या शहराची पोटं पाहिल्यावर मन कुठेच बसेना.

मग घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. मालक भला माणूस. वर येऊन, चहा घेऊन, मान खाली घालून म्हणाला, "दोन महिन्यांनी मुलगा-सून इथे राहायला येतील. तुम्हाला काय अवघड आहे म्हणा. सगळं शहर तुमच्या खिशात."

काका फुलले. काकूंनी त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि एकच मागितलं, पुढच्या घरात शेजार दे. त्याला कारण होतं. मागच्या वर्षी त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या, तेव्हा काका दुपारी परत येईपर्यंत तीन तास तिथेच होत्या. हाका मारून घसा बसला. भिंतीपलीकडे माणसं होती, पण भिंत जाड होती. काका निवृत्त झाले तरी सकाळी आठला पिशवी घेऊन बाहेर पडतच, पायांना सवय म्हणून. घरात एकट्या असायच्या त्या काकू.

काकांनी एक मोठा कागद आणला. डावीकडे वस्त्या, वर रकाने. पाणी, जिना, दवाखाना, बस आणि शेवटी मीटरची खोली. शेवटच्या रकान्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

स्टेशनमागे दवाखाना जवळ, पण मीटरच्या काचांवर इतकी धूळ की आकडा वाचायला आधी पुसावं लागे. टेकडीवर वारा छान, पण कुलपं. जुन्या बाजारात पाणी दिवसभर, बस दाराशी, दवाखाना तळमजल्यावर. मीटरच्या खोलीत मात्र कांद्याची पोती, तीन सायकली, एक मोडका पलंग आणि सील नसलेल्या मीटरवर कुणाची तरी छत्री टांगलेली. काकांनी तिथे फुली मारली. मग छत्री आठवली म्हणून आणखी एक मारली.

लेकीचा फोन आला. "बाबा, घर शोधताय की आरोपी?"

"तुला नाही कळायचं. तुझ्या इमारतीची मीटरची खोली मी बघितली आहे."

"मग?"

"मी कधी काही बोललो का?"

असे सहा आठवडे गेले. मालकाचा मुलगा टेप घेऊन आला आणि नवं कपाट कुठे बसेल ते मोजून गेला. मोजताना त्याने काकूंना जरा सरकायला सांगितलं. काकू सरकल्या.

त्याच आठवड्यात काकांना पुलापलीकडच्या कॉलनीतली ती इमारत सापडली. घरी आले ते खांद्यावरची पिशवीही न उतरवता सांगू लागले. "चुना लावलेली खोली आहे. दिव्याला जाळी. प्रत्येक मीटरखाली बिऱ्हाडाचा नंबर, इतक्या सुबक अक्षरात की बघत राहावं. एकही सील तुटलेलं नाही. एकतीस वर्षांत असं पाहिलं नाही मी."

"आणि घर?" काकूंनी विचारलं.

"घर? घरही असेलच चांगलं. ते बघायला उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेली. दलालाने दार उघडून दिलं आणि तो खाली फोनवर बोलत उभा राहिला. खोल्या उजेडाच्या होत्या, पण जमिनीवर बोटभर धूळ. काकूंनी शेजारचं दार वाजवलं. साखळीएवढंच उघडलं.

"जरा झाडू मिळेल का? टेकायला जागा करते."

"आमचा आम्हाला लागतो," आतून उत्तर आलं आणि दार मिटलं. समोरच्या घरात टीव्ही चालू होता. काकूंनी दार वाजवल्यावर तो बंद झाला. दार नाही उघडलं.

तेवढ्यात जिन्यावरून इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले, हातात वही. इमारतीचे सेक्रेटरी. "माणसं किती? गिझर किती वेळ लावता?"

काकांनी तत्परतेने सांगितलं, "दोन. बारा मिनिटं."

"छान. मी रोज सकाळी सातला सगळ्यांचे आकडे टिपतो. आठवड्याला बोर्डावर लावतो. मागे चारशेदोनवाल्यांचे तीन युनिट जास्त आले. विचारलं, तर म्हणाले बहीण राहायला आली होती." सेक्रेटरींनी वही मिटली. "पुन्हा नाही आली."

"खालचं अक्षर तुमचं?" काकांनी विचारलं.

"माझंच."

"सुरेख आहे."

काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. जिना उतरताना काका म्हणाले, "काय शिस्तीचा माणूस आहे."

"हो. मी बाथरूममध्ये पडले तर कळेल त्यांना."

"तेच म्हणतो मी."

"दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. युनिट कमी आले म्हणून."

परतीच्या बसमध्ये काका मांडीवर कागद उघडून बसले. जुन्या बाजाराचा थांबा आला तशा काकू उठल्या. "उतरा."

"अगं, इथे दोन फुल्या आहेत."

"मला छत्री बघायची आहे."

छत्रीवाल्या इमारतीतल्या वरच्या खोल्या अजून रिकाम्याच होत्या, दार नुसतं लोटलेलं. काकूंनी शेजारचं दार वाजवलं, तेच वाक्य म्हटलं. दारात शिवणकाम करणारी एक बाई आली, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाली, "झाडू देते काय, मीच मारते. तुम्ही बसा काकू. गुडघे दुखतात ना? चढताना ऐकलं मी, दर तिसऱ्या पायरीला देवाचं नाव घेत होतात."

"एवढं ऐकू येतं?"

"भिंती म्हणजे कागद हो इथल्या. खालच्याला शिंक आली की वरचे काढा पाठवतात. नवरा-बायकोने भांडायचं तर बाजारात जाऊन भांडतात."

पातळ भिंत हा दोष कागदावर कुठल्या रकान्यात घालावा, असा विचार करत काकांनी तोंड उघडलं. पाहतात तर काकू त्या भिंतीवर हात फिरवत होत्या, दिवा लावल्यावर देवाकडे पाहतात तशा बघत. काकांनी तोंड मिटलं आणि दलालाला फोन लावला.

सामान हललं. पहिले चार दिवस काकांनी दम धरला. पाचव्या दिवशी ते जिन्याखाली शिरले. पोती मागच्या अंगणात गेली, सायकली ओळीत लागल्या, छत्रीला स्वतंत्र खिळा मिळाला, कंपनीत अर्ज देऊन सीलही बसवून घेतलं. मीटरखाली सुबक अक्षरात नंबर आले. इमारत खूश झाली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "काका, आता तुम्हीच आमचे सेक्रेटरी."

पुढच्या सोमवारी शिवणवाली हसत हसत काकूंकडे आली. "काकू, काका विचारताहेत, काल माझं मशीन दुपारभर का चाललं."

काकूंनी कपाळाला हात लावला. "त्या माणसापासून पळून आलो आणि सामानात त्यालाच बांधून आणलं बघ."

काका मागोमाग वर आलेच, हातात कोरी करकरीत वही. "आणि आपल्याकडेही काल युनिटचा दहावा हिस्सा जास्त आलाय. पंखा कुणासाठी लावला होता?"

"हिच्यासाठी. बसली होती तासभर. आजही बसणार आहे, उद्याही. लिहा तसंच, आणि लावायचं तर बोर्डावर लावा."

शिवणवालीने स्वतःच उठून पंखा एक घर वाढवला. काकांनी कानामागची पेन्सिल काढली, दोघींकडे पाहिलं आणि जिन्याकडे वळले. खाली त्यांच्या नव्या खिळ्यावर कुणीतरी कांद्याची पिशवी अडकवली होती, आणि छत्री परत पूर्वीच्याच जागी, मीटरवर.