चाळीस पानं, एकच दार

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गावाकडच्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — की नुसती ह्या वहीत कोरी पानं उरलीत म्हणून?

ज्यांच्याकडे मी कामाला, त्या दादांची बदली कोलकात्याला झाली, तेव्हा स्वयंपाकाला मी साताऱ्याहून त्यांच्याबरोबर आले. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये दादा, वहिनी आणि दादांचे वडील, नाना. नानांनी जन्मभर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले. काचबिंदूने डोळे गेले, तेव्हा त्यांनी मनातच एक स्थानक बांधलं — आभाळात, पृथ्वीभोवती फिरणारं. इथल्या सियालदह रेल्वे स्टेशनासारखंच, म्हणायचे, फक्त फलाटाला यानं लागतात. त्याची माहितीपुस्तिका त्यांना करायची होती. हवा कुठून येते, कुठली झडप आधी बंद करायची, बिघडलेलं यान ओढून कसं आणायचं. दुपारी मोकळं आणि मराठी लिहिणारं घरात कोण? मीच.

"चौथी पास? मग तू माझी चीफ इंजिनियर!" नाना हसले होते.

पहिलं पान मी नीट लिहिलं. यान लागल्यावर दार कसं उघडायचं, ते. दुसऱ्या दिवशी ते भराभर सांगू लागले — दाब, आकडे, नळ्या. माझा हात मागे पडला. "हळू सांगा", एवढंच म्हणायचं होतं ना? लाज वाटली. मी पहिलंच पान पुन्हा उतरवलं, यानाचं नाव तेवढं बदलून. "वाच," म्हणाले की वही समोर धरून, नुकतं ऐकलेलं तोंडपाठ म्हणायची. ते खूश व्हायचे.

अशी चाळीस पानं. सगळा हिवाळा.

मग एका रविवारी दादांनी वही उघडली. नानांच्या वाढदिवसाला छापून आणायची होती. मोठ्याने वाचू लागले. दार. पुन्हा दार. पुन्हा तेच. वहिनींनी माझ्याकडे नाही, नानांकडे पाहिलं.

"बाबा... रोज हेच सांगत होतात?" दादा किती हळू बोलले.

नाना माझ्या दिशेने वळले — जरा चुकून, खिडकीकडे. "शोभा, मी हेच सांगत होतो का गं?"

"हो, नाना."

झालं. एवढंच म्हणाले मी.

डॉक्टरांनी विसराळूपणावरच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर नानांनी स्थानकाचं नाव काढलं नाही. चहा घेतला की नाही, हेसुद्धा विचारून घ्यायचे — आणि कुणाला? मला. रोज दुपारी मी त्यांच्या शेजारीच बसलेली असायचे. रोज सांगता आलं असतं. पावसाळ्याआधी ते गेले. म्हातारपणी डोकं फिरलं होतं बिचाऱ्यांचं, असं घरात म्हणतात. मी ताटं वाढत ऐकते.

वही मी मागून घेतली. वहिनींना वाटतं, मायेने.

काल त्यांचं खरं पुस्तक लिहायला बसले. दाराचं पान आहेच, पण हवा गळू लागली की आधी आतली झडप बंद करायची की बाहेरची? एक चुकली तर आतले सगळे जातात, असं नाना दोनदा म्हणाले होते.

कुठली, ते आठवत नाही.