येऊ का?

घोटीजवळच्या निवासी शाळेत माझी मुलगी शिकते. तिथल्या वसतिगृहाच्या बाई मुलींच्या खोलीत कधी सरळ शिरत नाहीत. दार उघडं असलं तरी चष्म्याच्या डबीने चौकटीवर टकटक करतात आणि विचारतात, "येऊ का गं?" आतून "या बाई" आलं नाही, तर बाहेरच उभ्या राहतात. पाचवीतल्या पोरींपुढेसुद्धा.

एकदा मी मुलीला सोडायला गेले होते, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. त्यांनी खोलीचं दार ढकलायला हात पुढे केला, तर बाई मध्ये आल्या. "थांबा साहेब, आधी विचारते."

आतून मुली म्हणाल्या, "बाई, जरा थांबा."

साहेब व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे अंगावर घेत थांबले. बाईंचा चेहरा उतरला होता, पण त्या दारातून हलल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी साडी बदलत होते. आमच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. बाहेरून मुलीचा आवाज आला, "आई, येऊ का?"

सासूबाई हसल्या. "आपल्याच घरात काय इचारती गं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या पडद्याबाहेर थांबून मला कोणी विचारलं नव्हतं. "ये" म्हणायला मला जरा वेळच लागला.