कोरलेलं पुसत नाही

आखातात, सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये मी ड्राफ्ट्समन होतो. तिथे पाट्या रंगवायला दक्षिण आफ्रिकेचा एक काळा चित्रकार होता, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. दिवसभर ‘हेल्मेट घाला’, ‘धूम्रपान मनाई’. शुक्रवारी मात्र तो स्वतःचं काम करी. लिनोलियमच्या मऊ फरशीचे उरलेले तुकडे घ्यायचे, त्यांवर चित्र कोरायचं, शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. कागद उचलला की आमच्या लेबर कॅम्पातलाच कोणीतरी कामगार आपल्याकडे बघत असायचा.

ही कला तो एका चर्चच्या खोलीत शिकला. पुढे गोऱ्या सरकारच्या पोलिसांनी त्याची चित्रं जप्त केली, त्याला तुरुंगात टाकलं. सुटल्यावर त्याने देश सोडला. मी त्याला सांगितलं, माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. तो म्हणाला, “मग तुला फार समजवावं लागणार नाही.”

त्याच्या देशात काळ्यांना मताचा हक्क मिळाला, त्याच वर्षी कंपनीने एका हॉटेलात त्याचं प्रदर्शन ठरवलं. मॅनेजर चित्रं बघायला आला आणि त्याचा चेहरा उतरला.

“हे कामगार नकोत. होड्या काढ, खजुराची झाडं काढ. निदान चेहरे तरी पुसून टाक.”

“कोरलेलं पुसत नाही. लावायची तर सगळी लावा.”

“व्हिसा कॅन्सल होईल.”

“होऊ दे.”

मॅनेजर माझ्याकडे वळला. “तू समजव याला.”

तोवर मी कधी साहेबाला उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, “नाही समजवणार, सर. चित्रं खरी आहेत.”

त्या शुक्रवारी आम्ही दोघांनी सगळी चित्रं कॅम्पाच्या मेसमध्ये लावली. एक वेल्डर आपल्या चित्रासमोर उभा राहिला, परत गेला, भांग पाडून आला आणि पुन्हा उभा राहिला. कॅम्पचा सुपरवायझर चित्रं काढायला आला, तर तोच वेल्डर दारात आडवा झाला. “जेवण चालू आहे. नंतर या.” दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. शेवटी सुपरवायझरने नाद सोडला.

महिन्याभरात चित्रकाराचा व्हिसा रद्द झाला. तो मायदेशी गेला, तिथे मुलांना शिकवू लागला, मोठमोठ्या प्रदर्शनांत त्याची चित्रं लागली. मला अस्करच्या साइटवर, अॅल्युमिनियमच्या भट्ट्यांच्या बाजूला उन्हात पाठवलं. चार उन्हाळे काढले तिथे. मॅनेजर साइटवर यायचा तेव्हा मी मान खाली घातली नाही. नजर तोच फिरवायचा.